मंडळीत आले तेव्हा

अलिबागला बदली होऊन आले तेव्हा मी कागदोपत्री ख्रिस्ती होते. शाळेच्या दाखल्यावर तसं लिहिलेलं होतं, तान्ही असताना बाप्तिस्मा झाला होता, नाताळात आईच्या करंज्या असायच्या आणि वडिलांच्या कपाटात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पवित्र शास्त्राला टेकून उभी असायची. चर्चमध्ये जाणं म्हणजे नाताळ, ईस्टर आणि नात्यातलं एखादं लग्न. वडील आजारी पडले तेव्हा घरात खूप प्रार्थना झाल्या. ते गेले. त्यानंतर माझं चर्चमध्ये जाणं थांबलं ते थांबलंच. २०१९ च्या पावसाळ्यात बँकेनं अलिबागच्या शाखेत पाठवलं आणि आई फोनवर म्हणाली, “मंडळीत तरी जाऊन ये. आपलं कुणीतरी निघेल.”

निघालं. उपासना संपताच दोन बायकांनी मला व्हरांड्यात गाठलं. “मूळच्या कुठल्या? नगरच्या का?” वडील श्रीरामपूरकडचे, एवढं म्हणायचा अवकाश, चहाचा कप रिकामा व्हायच्या आत नातं आईच्या मामेबहिणीपर्यंत जाऊन पोचलं. मराठी ख्रिस्ती माणसांत हे असंच चालतं. नगर, जालना, सोलापूर, कोल्हापूर, कुठल्या ना कुठल्या मिशन कंपाउंडात प्रत्येकाचे आजोबा-पणजोबा सापडतात. पण नातं सापडलं म्हणून उपासना समजली, असं होत नाही.

मला खरंच काही कळत नव्हतं. माणसं कधी उभी राहतात, कधी बसतात, पाळकसाहेब एक ओळ म्हणतात आणि सगळी मंडळी पुस्तकात न बघता पुढची ओळ कशी म्हणते, हे माझ्या डोक्यावरून जायचं. आवाहन, स्तुतीगीत, पापकबुली, जुन्या करारातला पाठ, पत्रातला पाठ, मग शुभवर्तमानाला सगळे उभे. उपदेश. प्रेषितांचा विश्वासांगीकार. अर्पणाची थैली फिरताना कोणतं गीत म्हणायचं, ते फळ्यावरच्या आकड्यावरून ओळखायचं. मी पान शोधेपर्यंत दुसरं कडवं सुरू झालेलं असे. शेजारी बसणाऱ्या आजींनी हे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. आपलं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक त्यांनी माझ्या पुढ्यात सरकवलं आणि चालू ओळीखाली बोट ठेवलं. हळदीनं पिवळं झालेलं नख, पुस्तकाच्या कडा तेलकट, पानं सुटू नयेत म्हणून पाठीला शिवणाच्या दोऱ्याचे टाके. त्यांना स्वतःला ते पुस्तक लागतच नव्हतं. पुढचे कितीतरी रविवार ते बोट माझ्यासाठी चालत राहिलं.

त्या पुस्तकात स्वरलिपी नाही, नुसते शब्द. चाल कानांनी शिकायची. एक गीत विलायती चालीवर, पेटीवर संथ. पुढचं अभंगाच्या चालीत, तबल्यावर, आणि तेव्हा मागच्या बाकांवरची म्हातारी माणसं एकदम सरसावून बसतात. रेव्हरंड ना. वा. टिळक मला शाळेच्या पाठ्यपुस्तकातले कवी म्हणून ठाऊक होते. त्यांची गीतं माणसं रविवारी सकाळी तोंडपाठ गातात, त्यातली ओळ आठवून रडतात, हे मी अलिबागला प्रथम पाहिलं. टिळकांच्याही आधी नगरच्या कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांनी मराठी चालींत ख्रिस्ती गीतं आणि कीर्तनं रचली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. मला तो पूल उलट्या बाजूनं दिसला. ख्रिस्ती घरात जन्मून अभंग हा आपला, हे मला चर्चमध्ये कळलं.

त्या दिवसांत मी वडिलांची ‘स्मृतिचित्रे’ परत काढली. लहानपणी त्यातले गमतीचे प्रसंग तेवढे वाचले होते. आता वेगळंच दिसलं. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, नवऱ्याच्या, म्हणजे ना. वा. टिळकांच्या, बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात त्यांचं काय काय झालं ते त्यांनी काही न लपवता लिहून ठेवलं आहे: संताप, रडणं, सोवळं-ओवळं, कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही याचा रोजचा झगडा. एका रात्रीत काही झालेलं नाही. माणसांत राहता राहता, त्यांच्या घरी जेवता जेवता, आजाऱ्यांची उस्तवार करता करता त्या बदलत गेल्या. मला त्या पानांनी फार धीर दिला. विश्वास म्हणजे एका क्षणी लख्ख उजेड पडतो, अशी माझी समजूत होती, आणि तो पडत नव्हता म्हणून मी गोंधळले होते.

महिन्याच्या ठरलेल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. सगळे ओळीनं पुढे जाऊन गुडघे टेकायचे आणि मी बाकावर बसून राहायचे, कारण माझं दृढीकरण झालेलं नव्हतं. एकदा मी आजींना विचारलं, “मी बाहेर जाऊन थांबू का?” त्या म्हणाल्या, “कशाला? जेवायला वेळ लागणारं माणूसही घरातच बसतं की.” दुसऱ्या आठवड्यात मी पाळकसाहेबांकडे दृढीकरणाच्या वर्गाला नाव दिलं. वर्गात आठवी-नववीची मुलं आणि मी.

तिथे मला माझा खरा प्रश्न विचारता आला. वडिलांसाठी इतक्या माणसांनी प्रार्थना केली, ती कुठे गेली? मला वाटलं होतं पाळकसाहेब समजावतील, देवाची इच्छा वगैरे म्हणतील. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बाई, स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आठवडाभर रोज वाचा. मोठ्यानं वाचा. मग बोलू.” मी वाचलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं. हाक मारणारा हाक मारतच राहतो आणि उत्तर आल्याचं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. हे पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी ते देवासमोर उभं राहून म्हटलं आहे, या गोष्टीनं मला जे दिलं ते कुठल्याच समजावण्यानं दिलं नसतं. माझा राग घेऊनही मला उपासनेत बसता येतं, एवढं कळलं.

बँकेतून घरी जाताना मी कधी कधी इस्राएल आळीतून जायचे. तिथे मागेन आबोथ हे बेने इस्राएलांचं प्रार्थनामंदिर आहे. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. आता बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, थोडी उरली. ते अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मुळात त्यांच्या लोकांचं. मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं ते बेने इस्राएलांसाठी. माझ्या हातातलं मराठी शास्त्र आणि त्या आळीतली हिब्रू प्रार्थना यांचा असा जुना शेजार आहे, हे कळल्यापासून त्या दारावरून मी सावकाश जाते.

दिवाळीच्या सुमाराला भातं झोडून झाली आणि मंडळीत कापणीच्या सणाची गडबड सुरू झाली. हा सण मी कधी पाहिलेला नव्हता. सकाळी वेदीसमोर जागा उरली नाही इतकं सामान आलं: नव्या तांदळाच्या पिशव्या, नारळ, सुपारी, केळीचे घड, दुधी, डांगर, वर्तमानपत्रात बांधलेले सोडे, अंड्यांचे ट्रे, पाय बांधलेला एक कोंबडा, आणि शेती नसलेल्यांनी आणलेले साखरेचे पुडे. उपासनेनंतर आवारात लिलाव. एका काकांनी नारळ हातात धरून बोली पुकारायला सुरुवात केली. वीस, तीस, पन्नास, दोनशे. ज्यांनी दोनशेला घेतला त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. “पुन्हा लावा.” तो नारळ दुपारपर्यंत चौघांनी विकत घेतला आणि चौघांनी परत दिला. बोली लावणाऱ्यांत आमच्या बँकेत पेन्शन घ्यायला येणारे एक आजोबा होते. त्यांच्या खात्यावर किती असतं ते मला कामामुळे ठाऊक होतं. ते बोली वाढवत होते आणि मी मान खाली घातली होती. त्यांनी माझ्याकडे बघून हाक मारली, “मॅडम, तुम्ही पण बोला की!” मी सोडे घेतले, बाजारभावाच्या चौपट देऊन. माझ्या पगारातून देवाला मी जाणूनबुजून दिलेली ती पहिली रक्कम असावी. त्या पैशांतून पावसाळ्यात गळणारं छत नीट करायचं आणि काही भाग सेवाकार्याला, असं ठरलं होतं.

जानेवारीत ख्रिस्ती ऐक्याच्या सप्ताहात काही जणांबरोबर मी कोर्लईला गेले. रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं हे गाव पाहिलं नसेल तर जरूर पाहा. पोर्तुगीजांनी १५२१ साली चौलला किल्ल्याची परवानगी मिळवली आणि १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांना देऊन ते गेले. इंग्रज, मुंबई इलाखा, महाराष्ट्र, सगळं होऊन गेलं. कोर्लईतले कॅथलिक ख्रिस्ती मात्र आजही घरात पोर्तुगीजातून घडलेली आपली बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, आपली भाषा. माउंट कार्मेल माउलीच्या चर्चमध्ये आम्ही बसलो. गुडघे टेकायची त्यांची रीत वेगळी, क्रूसाची खूण करायची वेगळी, मी पुन्हा गोंधळले. पण प्रभूची प्रार्थना मराठीत सुरू झाली आणि सगळ्यांचा आवाज एक झाला. बाहेर पायरीवर एक मावशी शेजारणीशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या आणि लगेच वळून मला मराठीत म्हणाल्या, “जेवूनच जायचं हां.” ज्यांना राज्यकर्ते सोडून गेले, पुरोहित मिळेनासे झाले असतील, त्यांनी विश्वास धरून ठेवला तो एकमेकांना धरूनच, असं मला तिथे पक्कं वाटलं.

मग मार्च २०२० आला आणि चर्चला कुलूप लागलं.

माझ्यासारखीला वाटावं, सुटलो, घरी बसून शास्त्र वाचू. पण मंडळी नाहीशी झाली आणि माझं वाचन आठवड्याभरात थंडावलं. तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन. मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी केली होती. प्रत्येकाला रोज संध्याकाळी कुणीतरी फोन करायचा, औषध-पाणी विचारायचं, एक शास्त्रपाठ वाचायचा आणि प्रार्थना करायची. माझ्या वाट्याला पाच नावं आली. त्यात उपासना संगीतवाल्या आजी होत्या. मी त्यांनाच म्हटलं, “आजी, मला मोठ्यानं प्रार्थना करता येत नाही. काय बोलायचं ते सुचत नाही.” त्या म्हणाल्या, “नावं घे. देवाला माणसांची नावं सांग. पुढचं तो बघतो.” मी नावं घ्यायला लागले. आजींचं, त्यांच्या पनवेलला अडकलेल्या मुलाचं, शेजारच्या घरातल्या गरोदर मुलीचं, सिव्हिल हॉस्पिटलातल्या नर्सबाईंचं. पाच फोन संपेपर्यंत रात्र व्हायची. प्रार्थना अशी मी शिकले, दुसरी कुठली रीत मला अजून येत नाही.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी वाऱ्याचा जो आवाज होता तो अलिबागकर जन्मात विसरणार नाहीत. वाड्यांतली नारळी-पोफळी आडवी झाली, पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले. दक्षिणेकडे मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरला तर बागायतच उरली नाही. पोफळ लावल्यापासून उत्पन्न यायला वर्षं जातात, त्यामुळे झाड पडलं म्हणजे एका हंगामाचं नुकसान नव्हतं. चर्चचे पत्रेही गेले. कापणीच्या सणाचे छतासाठी राखलेले पैसे होते. पास्टरेट कमिटी आवारात, मास्क लावून, लांब लांब खुर्च्या टाकून बसली. आधी देवाचं घर झाका, असं काहींचं म्हणणं. पाऊस आठवड्यावर आलाय, डोंगराकडेच्या वाड्यांवर माणसं उघड्यावर आहेत, आधी ताडपत्र्या घ्या, असं इतरांचं. आवाज चढले. कमिटीतले दोन वडीलधारे एकमेकांशी बोलेनासे झाले. मला हे पाहून धक्का बसला होता. ख्रिस्ती मंडळीत असं भांडण? शेवटी त्याच पेन्शनवाल्या आजोबांनी सांगितलं, कुलूप लावलेल्या घराला छत कशाला हवंय, आत कुणीच बसत नाही. ताडपत्र्या आल्या.

त्यानंतर दुसरा वाद झाला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ताडपत्रीबरोबर शुभवर्तमानाचं पत्रक द्यायचं का? देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, ते म्हणत, यापेक्षा मोठं आमच्याकडे द्यायला आहे तरी काय. पाळकसाहेबांनी नाही म्हटलं. भिजत असलेल्या माणसाच्या हातात कागद ठेवला तर त्याला वाटेल ताडपत्रीची किंमत ही आहे. कुणी विचारलं, तुम्ही का आलात, तर खुशाल येशूचं नाव सांगा. विचारलं नाही तर ताडपत्री बांधून द्या आणि या. मी या निर्णयाच्या बाजूनं पूर्ण आहे. येशूनं बरं केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परत आला. बाकी नऊ जणांचा आजार काही परत आला नाही.

अलिबाग तालुक्यातल्याच एका कातकरी वाडीवर मी गेले. कारवीच्या कुडांची घरं, त्यातल्या निम्म्यांवर छप्पर नाही. एक म्हातारी आम्हाला विचारू लागली, “तुम्ही कुठल्या खात्याच्या?” आम्ही सांगितलं, खात्याच्या नाही, चर्चमधल्या. तिनं मान हलवली. ताडपत्रीची टोकं बांधून होईपर्यंत ती बघत बसली होती. निघताना म्हणाली, “परत येशील का?” मी हो म्हटलं.

मिशन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गोरे साहेब यायचे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन हॉल आणि नॉट, १८२३ पासून बाणकोटला काम सुरू करणारे स्कॉटिश मिशनरी, त्यांच्या शाळा, छापखाने. ते सगळं इतिहासात खरं आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या मुली आणून त्यांना वाढवलं, त्यांच्याकडून छपाई करवून घेतली, स्वतः मूळ भाषांवरून मराठी शास्त्र सिद्ध केलं, तेही मिशनच. पण मला ते काम त्या म्हातारीच्या प्रश्नातून कळलं. एकदा जाणं कुणालाही जमतं. आम्ही दर शनिवारी जाऊ लागलो, आणि गेल्यावर करायचं काय, तर मुलांना वाचायला शिकवायचं, कारण शाळा बंद होत्या आणि ऑनलाइन शिकायला त्या वाडीत एकही फोन नव्हता.

वर्ग चांगला चालला. पोरं हुशार, खेकडे धरण्यात तर माझे गुरू. दिवाळी झाली आणि एका शनिवारी वाडीवर कुणी नाही. दारं बांधून घातलेली, दोन म्हाताऱ्या आणि कोंबड्या. सगळी कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेली होती. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून भट्टीवर जायचं, मुलंबाळं घेऊन, आणि मे अखेरीला परतायचं. उचल फिटली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा. कातकरी कुटुंबांचं हे चक्र रायगड जिल्ह्यात कुणालाही विचारा, सांगेल. मी बँकेत कर्जाचं काम करते आणि मला माझ्या शाखेपासून काही किलोमीटरवर चालणारं हे कर्ज ठाऊक नव्हतं. त्या रात्री प्रार्थनेत मी वाडीतली नावं घेतली आणि माझा आवाज थरथरला. इतक्या दिवसांत देवावरचा माझा राग पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या दुःखासाठी नव्हता.

त्याच सुमाराला, १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली. पुढे एका रविवारी बिशपसाहेब आले आणि माझं दृढीकरण झालं, त्या आठवी-नववीच्या मुलांबरोबर; ती मुलं एव्हाना माझ्यापेक्षा उंच झाली होती. डोक्यावर हात ठेवला गेला तेव्हा काही विलक्षण वाटलं नाही. पण नंतर मी ओळीत उभी राहून पुढे गेले, गुडघे टेकले, भाकरीचा तुकडा तळहातावर आला, आणि शेजारी आजी होत्या. तेव्हा मला वडील आठवले, मी रडले आणि मला ते पुसावंसं वाटलं नाही. त्यांच्यासाठी केलेल्या प्रार्थना कुठे गेल्या, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. त्या प्रार्थना करणारी माणसं मात्र मला परत मिळाली.

शनिवारचा वर्ग आता वर्षाचे सात महिने भट्टीवर भरतो. मालकाची परवानगी काढायला मंडळीतले दोघे वडीलधारे एकत्र गेले, छतावरून भांडलेले तेच दोघे. विटा वाळायला लावलेल्या असतात, त्यांच्या ओळींमध्ये प्लास्टिक अंथरून पोरं बसतात. आयांच्या हाताला चिखल असतो, त्या लांबून बघतात. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांचं नाव शाळेतून कटू नये म्हणून गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींशी बोलावं लागतं, जिथे भट्टी असेल तिथल्या शाळेत त्यांना बसू द्यावं म्हणून पुन्हा बोलावं लागतं. हे काम उपदेशात ऐकायला सोपं आणि करायला कंटाळवाणं आहे. रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाळकसाहेब भट्टीवरच्या मुलांची नावं घेतात आणि मंडळी आमेन म्हणते. शनिवारी दमून आलेल्या माणसाला रविवारच्या त्या आमेननं बळ येतं. आणि ज्या रविवारी मी उपासना चुकवते त्या आठवड्यात भट्टीवर माझा आवाज चढतो, हे माझं मलाच कळतं.

अलीकडे आमच्याकडे एक मुलगा येऊ लागलाय, थळच्या कारखान्यात नोकरीला लागलेला. मागच्या बाकावर बसतो, पान सापडत नाही, आशीर्वाद होताच चहाआधी निघून जातो. आजी आता येऊ शकत नाहीत, गुडघ्यांनी दगा दिलाय. त्यांचं टाके घातलेलं पुस्तक माझ्याकडे आहे, मी त्या मुलाच्या शेजारी बसते.

मुंबई-पुण्याचे कितीतरी ख्रिस्ती वाचक शनिवार-रविवारी अलिबागला येतात, किनाऱ्यावर राहतात आणि रविवारी संध्याकाळी परततात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी रविवारी सकाळी आमच्यात उपासनेला या, आणि शनिवारी दुपारचे दोन तास मोकळे ठेवा. नोव्हेंबर ते मे भट्टीवर, जून ते ऑक्टोबर वाडीवर. पहिली ते चौथीची जुनी मराठी पुस्तकं, पाट्या, रंगीत खडू घेऊन या. मुलांना खाऊ आणलात तर सगळ्यांना पुरेल इतका आणा. आणि एकदाच येणार असाल तर मुलांना तसं आधी सांगा, कारण ती विचारतातच, परत कधी येणार.